आधी दूध की आधी चहा?

महायुद्ध संपूनही इंग्लंडात चहाची शिधावाटणी उठलेली नव्हती, अशा टंचाईच्या दिवसांत, १२ जानेवारी १९४६ रोजी, आपल्या मोतिहारीस जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात उत्तम चहाची अकरा कलमे जाहीर केली. आणि त्यांतील दहाव्या कलमाने, दुधाचे प्रमाण हातात राहावे म्हणून, कपात चहा आधी व दूध मागाहून ओतण्याचे फर्मान काढले. पुढे २००३ साली, त्यांच्याच जन्मशताब्दीचे औचित्य साधून, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने नेमका उलट निवाडा दिला: दूध आधी.

या निवाड्याचे मूळ उष्णतेत आहे. ७५ अंश सेल्सिअसच्या वर दुधातील काही प्रथिनांची मूळ घडी विस्कटते आणि चवीत फरक पडतो. वाफाळत्या चहात दूध सोडले, तर पहिले थेंब चहूबाजूंनी त्या दाहात सापडतात. उलट तळाशी गार दूध असल्यास वरून पडणारा चहा त्याला क्रमाक्रमाने ऊब देतो आणि कप भरेपर्यंत स्वतःही त्या मर्यादेखाली उतरतो.

मात्र या खटल्यात खरी फिर्याद चहादाणीची आहे, असे मला वाटते. पानांतील रंग आणि कस उतरण्यास पाणी जवळजवळ उकळतेच हवे, आणि ते गार चिनी मातीत पडले की आपली उष्णता आधी भांड्यालाच देऊन बसते. म्हणून चहादाणी अगोदर ऊन करावी आणि किटलीपाशी तिलाच न्यावे, किटलीला तिच्याकडे आणू नये, हा ऑर्वेल यांचा आग्रह रसायनज्ञांनीही उचलून धरला. मुरण्याची मुदत तीन-चार मिनिटांची; कॅफीन लवकर उतरते, तुरटपणा आणणारी पॉलिफेनॉले सावकाश, आणि त्यांची धार दुधातील केसीन बोथट करते. लंडनचे पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाला सहजी फेस न येऊ देणारे, असल्याने तेथील चहावर जी तपकिरी साय धरते, ती कॅल्शियमची करामत होय.

आपल्याकडे दूध घरी येताच तापवण्याचा शिरस्ता असल्यामुळे ती प्रथिनांची घडी कपापाशी पोहोचण्यापूर्वीच मोडलेली असते, आणि पुढे तर पाणी, पत्ती, साखर, दूध सारे एकाच पातेल्यात उकळते; तेव्हा हा इंग्रजी दावा मराठी स्वयंपाकघरात दाखल होण्याआधीच खारीज होतो.