मेडिकलवरची 'दोन गोळ्या': स्वस्त इलाज, महाग दुखणे

"ताप आहे, दोन गोळ्या द्या," असे म्हणत मेडिकलवर उभी राहणारी माणसे आमच्या वस्त्यांत रोज दिसतात. त्यांना आम्ही अडाणी म्हणत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला दवाखान्याची रांग म्हणजे बुडालेला रोज, वर फी. पण त्या गोळ्यांत अँटिबायोटिक असेल, तर त्याची किंमत शरीर चुकवते.

अँटिबायोटिक फक्त जीवाणूंवर चालते. सर्दी-पडसे, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार. लहान मुलांचे बरेचसे जुलाबही विषाणूंमुळेच होतात. तिथे ही गोळी उपयोगाची नाही, तिचा त्रास मात्र होऊ शकतो.

त्रास कोणता? ही गोळी आतड्यातले उपयोगी जंतूही मारते, म्हणून जुलाब लागतात. कधी आतड्याला गंभीर सूज येते. बायकांना अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, जीवही जाऊ शकतो. टेट्रासायक्लिनने आठ वर्षांखालच्या मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. जेंटामायसिन, अमिकासिन या इंजेक्शनांनी मूत्रपिंड आणि ऐकणे बिघडू शकते. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळीने क्षयाचा खोकला तात्पुरता दबतो, निदान लांबते आणि तोवर घरातल्यांना लागण होत राहते.

दुसरा धोका सगळ्यांचा आहे. अर्धवट मात्रेने जंतू निर्ढावतात, हे पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा निर्ढावलेल्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज आहे.

म्हणून भगिनींनो, एवढे करा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी घेऊ नका. डॉक्टरांना विचारा: "हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी? किती दिवस?" ॲलर्जी, गरोदरपण, अंगावर पाजणे हे आधी सांगा. उरलेली गोळी शेजारणीला देऊ नका. मुलाला जुलाब लागले तर ओआरएस पाजा आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. शौचातून रक्त, धाप, तीन दिवसांवर ताप, मूल सुस्त पडणे, यांपैकी काही दिसले तर दवाखाना गाठाच. न्यूमोनिया, क्षय, टायफॉईड यांत हेच औषध जीव वाचवते. तिथे डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडू नका.

जबाबदारी एकट्या रुग्णाची नाही. २०१३ च्या 'एच-१' नियमाप्रमाणे यादीतली अँटिबायोटिक विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. ही वही तपासली जावी. आणि सरकारी दवाखाना कामावरून परतल्यावरही उघडा असावा, ही मागणी प्रत्येक वस्तीने लेखी द्यावी. दवाखाना वेळेवर मिळाला, तर मेडिकलवरच्या दोन गोळ्या कोण मागेल?