एका फेरीची किंमत
मोटारसायकल शर्यतीतील टायरची निवड आणि तयारी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात समुद्रकाठी फिलिप आयलंड नावाचे बेट आहे. तेथील ४.४४८ किलोमीटर लांबीचा शर्यतीचा मार्ग जगातील अत्यंत वेगवान आणि देखण्या मार्गांपैकी एक समजला जातो. २० ऑक्टोबर २०१३ रोजी या मार्गावर मोटोजीपी या सर्वोच्च दर्जाच्या मोटारसायकल शर्यतीच्या वेळी जे घडले, ते वेगाच्या वेडापेक्षा हिशेबाच्या शिस्तीचे महत्त्व अधिक सांगून जाते. त्या दिवशी निर्णायक ठरले ते इंजिन नव्हे, तर टायर.

त्या हंगामापूर्वी या मार्गाचे नव्याने डांबरीकरण झाले होते. नवे डांबर खरखरीत असते व त्यावर टायरची पकड उत्तम बसते. वरकरणी ही आनंदाची गोष्ट. परंतु पकड जितकी अधिक, तितके घर्षण अधिक आणि घर्षणासोबत उष्णताही अधिक. शिवाय या मार्गावर डावीकडची वळणे सात व उजवीकडची पाच. त्यातील काही डावी वळणे लांब आणि अतिशय वेगवान असल्यामुळे मागच्या टायरच्या डाव्या अंगावर असह्य ताण येत होता. सरावाच्या फेऱ्यांमध्येच टायरच्या रबरावर फोड येऊ लागले. २७ फेऱ्यांची संपूर्ण शर्यत एका टायरवर पार पडणार नाही, हे स्पष्ट झाले.

आयोजकांनी प्रथम शर्यत २६ फेऱ्यांची केली आणि मध्येच मोटारसायकल बदलणे सक्तीचे केले. तेवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा फेऱ्या १९ वर आणल्या आणि एका मागच्या टायरवर १० पेक्षा अधिक फेऱ्या घ्यायच्या नाहीत, असा दंडक घातला. त्याखालच्या मोटोटू गटाची शर्यत तर १३ फेऱ्यांपुरतीच ठेवण्यात आली. हजारो प्रेक्षक जमले असताना आणि जगभर प्रक्षेपण चालू असताना असा निर्णय घेणे सोपे नव्हते. पण स्वारांच्या जिवापुढे बाकी सर्व गोष्टी गौण मानल्या गेल्या.

मार्क मार्केझ हा अवघ्या वीस वर्षांचा स्पॅनिश स्वार त्या वेळी गुणतक्त्यात ४३ गुणांनी आघाडीवर होता. शर्यतीतही तो अग्रभागीच होता. दहावी फेरी संपली, तरी तो मोटारसायकल बदलण्यासाठी आत वळला नाही. वळला तो अकराव्या फेरीनंतर. त्याच्या संघाने नियमाचा अर्थ चुकीचा लावला होता. काळे निशाण दाखवून त्याला शर्यतीतून बाद करण्यात आले. होर्हे लोरेन्झो जिंकला आणि ४३ गुणांचे अंतर १८ वर आले. मार्केझने हंगामाअखेरीस विश्वविजेतेपद मिळवले खरे, परंतु केवळ ४ गुणांच्या फरकाने. एका फेरीचा चुकलेला हिशेब वर्षभराची कमाई बुडवण्याच्या बेतात आला होता.

या प्रसंगामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. चारचाकी वाहनाला जमिनीचा आधार चार ठिकाणी असतो. दुचाकीला दोनच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा. वळणावर स्वार साठ अंशांहून अधिक कलतो, तेव्हा त्याचा सर्व भरवसा त्या चिमूटभर रबरावर असतो. म्हणून शर्यतीसाठी टायर निवडताना तीन प्रश्न विचारले जातात : मार्गाचा पृष्ठभाग कसा आहे, हवा व जमीन किती तापलेली आहे, आणि शर्यत किती लांबीची आहे.

कोरड्या मार्गासाठी नक्षीविरहित, गुळगुळीत टायर वापरतात, कारण त्यांचे अधिकाधिक रबर जमिनीला टेकते. पाऊस असेल तर खाचा असलेले टायर लागतात. त्या खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते. रबराचेही मऊ, मध्यम व कठीण असे प्रकार असतात. मऊ रबर लवकर तापते आणि घट्ट पकडते, पण लवकर झिजते. कठीण रबर टिकते, पण त्याला तापायला वेळ लागतो. काही टायरमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूचे रबर वेगवेगळे असते, कारण दोन्ही बाजूंवर सारखा भार पडत नाही.

निवडीनंतर तयारी. टायरवरील बाणाची दिशा पाहून तो रिमवर चढवला जातो, कडा सर्वत्र नीट बसली आहे की नाही हे तपासले जाते आणि चाकाचा तोल साधला जातो. शर्यतीपूर्वी विजेवर चालणाऱ्या उबदार वेष्टनांत टायर गुंडाळून तापवतात. हे केवळ वरवर तापवणे नव्हे. उष्णता रबराच्या आतपर्यंत आणि रिमपर्यंत मुरावी लागते. त्यानंतर हवेचा दाब. टायर तापला की आतील दाब वाढतो, म्हणून सुरुवातीचा दाब धावताना वाढणारा दाब गृहीत धरून ठरवावा लागतो. दाब फार कमी असेल तर टायर अधिक दबतो, आतून तापतो आणि त्याची रचनाच धोक्यात येते. याच कारणाने मोटोजीपीमध्ये पुढच्या टायरसाठी किमान दाबाचा नियम केला गेला. २०२४ पासून ही मर्यादा १.८ बार असून मुख्य शर्यतीच्या किमान ६० टक्के फेऱ्यांत ती पाळली नाही, तर स्वाराच्या वेळेत १६ सेकंदांची भर घातली जाते.

उष्णतेचा धोका जसा आहे तसा थंडाव्याचाही आहे. त्याच फिलिप आयलंडवर पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, मार्केझ निर्धास्त आघाडीवर असताना पुढचे चाक घसरून पडला. दुपार कलली होती, जमीन थंड होत चालली होती आणि पुढच्या टायरमधील उष्णता उतरली होती. त्या दिवशी इतर काही स्वारही असेच पडले. एका वर्षी अति तापल्यामुळे संकट, दुसऱ्या वर्षी पुरेसे न तापल्यामुळे. मार्ग तोच, पण कालचा हिशेब आज लागू पडला नाही.

भारतातही कोइंबतूर व चेन्नईजवळच्या शर्यतमार्गांवर आता अनेक तरुण हौसेने आपल्या मोटारसायकली घेऊन जातात. व्यापारी घरांतील मुलेही त्यात असतात आणि घरच्यांच्या मनात धाकधूक असते. अशा घरांनी मुलाला हेल्मेट घेऊन देताना टायरविषयीही चार प्रश्न अवश्य विचारावेत. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. त्यातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. मापाच्या शेवटी असलेले इंग्रजी अक्षर वेगाची कमाल मर्यादा दाखवते : एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला, तरी तो महाग पडतो. रबर वापराविनाही कडक होते. कोठे चीर, फुगवटा किंवा पंक्चरची जोडणी असेल तर त्या टायरवर वेगाने धावू नये. दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा, आणि नव्या टायरवर सुरुवातीचे अंतर सावकाश कापावे. शर्यतीचा गुळगुळीत टायर मात्र रस्त्यावर कधीही वापरू नये. पावसाच्या पहिल्याच सरीत तो दगा देतो.

माल हातात घेऊन, दिव्याखाली धरून, शिवण तपासून मगच भाव ठरवण्याची सवय ज्या घरांना आहे, त्यांना हे नवे शिकावे लागणार नाही. तीच नजर चाकाकडे वळवली की पुरे. फिलिप आयलंडवर त्या दिवशी सर्वांत वेगवान मोटारसायकली होत्या, निष्णात तंत्रज्ञ होते, जगातील उत्तम स्वार होते. तरीही आयोजकांनी थांबून फेऱ्या मोजल्या आणि कमी केल्या. त्या दिवशी शर्यत पार पडली, याचे श्रेय वेगाला नव्हे, तर त्या मोजदादीला द्यावे लागेल.