मोंतोने : टेकडीवरचे तटबंदीचे गाव

इटली देशात टेकडीच्या माथ्यावर वसलेली जुनी गावे पुष्कळ आहेत. नदी खाली, शेती खाली, आणि गाव मात्र वर! रोजची ही चढ-उतार कोणी सांगितली, असे आपल्याला वाटेल.

याचे कारण भीती. बहुतेक इटली मिळून एक राज्य झाले ते १८६१ साली. त्याआधी कित्येक शतके शहराशहरांत लढाया चालत. भाडोत्री फौजा गावे लुटत. उंचावर राहिले म्हणजे शत्रू लांबून दिसे, आणि चढण चढताना त्याला धाप लागे. म्हणून गाव वर आणि भोवती दगडी तट. तटाला मोजक्याच वेशी. रात्री वेस लावली की लोक निर्धास्त झोपत.

मोंतोने हे असेच एक लहान गाव. पेरूजा शहराच्या उत्तरेला आहे. इथल्या फोर्तेब्राच्ची घराण्यातला ब्राच्चो हा भाडोत्री फौजेचा मोठा सरदार होता. घराण्याच्या नावाचा अर्थच मुळी 'बळकट बाहू'! तो १४२४ साली मेला. गाव आजही तटाच्या आत नांदते आहे. दगडी घरे, अरुंद गल्ल्या, मधूनमधून पायऱ्या. इथे पायीच हिंडावे, त्यातच मजा आहे. आपल्याकडचा गड चढलेल्या माणसाला हे परके वाटणार नाही. माथ्यावरून तिबर नदीचे खोरे दिसते. हीच नदी पुढे रोम शहरातून वाहते.

आता या खोऱ्याशी आपला काय संबंध? तो ऐका.

१९४४ सालच्या उन्हाळ्यात दुसरे महायुद्ध इथे येऊन पोचले. जर्मन फौज मागे हटत होती, पण प्रत्येक टेकडी धरून लढत होती. ज्या उंचीने पूर्वी गावे राखली, तीच आता खालून येणाऱ्या शिपायांच्या जिवावर उठली. त्या शिपायांत मराठा पलटणीची माणसे होती. नाईक यशवंत घाडगे हे त्यांतले एक. राहणार पळसगाव, तालुका माणगाव, म्हणजे तेव्हाचा कुलाबा आणि आताचा रायगड जिल्हा. वय अवघे २२.

१० जुलै १९४४. शत्रूची मशीनगन अगदी जवळून कडाडली. यशवंतरावांच्या तुकडीतले सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उरले ते एकटे. ते थांबले नाहीत. धावत गेले, हातबॉम्ब फेकला, मशीनगन बंद पाडली. एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. एवढ्यात लपलेल्या बंदूकवाल्यांच्या गोळ्या लागून तेही पडले. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळी शौर्याचे याहून मोठे पदक नव्हते.

जुलै २०२३ मध्ये मोंतोने गावाने त्यांचे स्मारक केले. पुतळा नव्हे, छायाघड्याळ! त्यात उभ्या काट्याची सावली जिथे पडते, तिथे वेळ वाचायची. त्यावर लॅटिन भाषेत शब्द कोरले आहेत. त्यांचा अर्थ : आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

यशवंतरावांची कबर किंवा समाधी मात्र कोठेच नाही. त्यांचे नाव दूर दक्षिणेला, कासिनो येथील स्मारकावर, बेपत्ता शिपायांच्या नावांत कोरलेले आहे.