काल कोणता धातू जोडलात?

ग्रिल, गेट आणि शटर बनविणाऱ्या आपल्या गावातील दुकानांत गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या तो फारसा लक्षात आला नसेल. पूर्वी दुकानाच्या कोपऱ्यात दोघांनी मिळून ढकलावा असा अवजड वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर असे. आता त्याच्या जागी सुटकेसएवढे मशीन दिसते. त्यातही ‘थ्री इन वन’ नावाने मिळणारे मशीन कारागिरांच्या विशेष आवडीचे. मशीन एकच, पण नॉब फिरवला की कामे तीन. रॉडचे साधे आर्क, तारेचे मिग, ज्याला आपल्याकडे सगळे ‘सीओटू’ म्हणतात, आणि तिसरे टिग म्हणजेच ‘आर्गॉन’. सकाळी लोखंडी गेट, दुपारी जी.आय. पाइपांची शेड आणि संध्याकाळी हॉटेलवाल्याचे स्टीलचे टेबल, हे सारे एकच माणूस एकाच जागी बसून करू शकतो. कारागिराची सोय होते, मालकाला दोन पैसे मिळतात. मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही.

डॉक्टर म्हणून मात्र माझे काम या मशीनने थोडे अवघड केले आहे. धातू बदलला की धूर बदलतो आणि धूर बदलला की दुखणेही बदलते. कारागिराच्या लेखी मात्र ते सगळे ‘वेल्डिंग’च. दवाखान्यात आल्यावर तो तेवढेच सांगतो. पुष्कळदा तेही सांगत नाही, कारण तापाचा आणि कामाचा काही संबंध असेल असे त्याच्या मनात येत नाही. म्हणून अलीकडे वेल्डिंगवाला समोर बसला, की नाडी धरायच्या आधी मी विचारतो, “काल काय जोडलंस? लोखंड, जी.आय. की स्टील? आणि कशावर?”

तापाचेच घेऊ. या रुग्णाची हकिकत जवळजवळ ठरलेली असते. दिवसभर जी.आय. पाइपाचे काम केलेले असते. घरी येईपर्यंत ठीक. रात्री घसा कोरडा पडतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते, पाणी प्यायले तरी तहान भागत नाही. मग हुडहुडी भरून ताप, अंग ठेचल्यासारखे आणि छातीत आवळल्यासारखे. पावसाळा असेल तर घरचे मलेरिया म्हणतात, नाहीतर डेंग्यू. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि बिचाऱ्याला विनाकारण अँटिबायोटिक सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो ठणठणीत होतो आणि सगळे श्रेय त्या गोळ्यांना जाते!

या दुखण्याला ‘मेटल फ्यूम फीव्हर’ म्हणतात. जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. जस्त मात्र ९०७ अंशांलाच उकळून त्याची वाफ होते. म्हणजे लोखंड जोडायच्या तयारीला येण्याआधीच वरचे जस्त हवेत गेलेले असते. ती वाफ हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि पांढरा धूर होतो. हा धूर फुप्फुसात गेला की चार ते बारा तासांत ताप चढतो. पितळेवर काम करणाऱ्यांनाही तो येतो, कारण पितळेतही जस्त असते. गंमत अशी की रोज धूर घेणाऱ्याच्या शरीराला आठवड्यात थोडी सवय होते आणि सुट्टीच्या दिवशी ती मोडते. त्यामुळे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच ताप जास्त येतो. इंग्रजी पुस्तकांत याला ‘मंडे फीव्हर’ असेही नाव आहे. आपल्याकडे ज्या गावात ज्या वारी बाजार बंद, त्याच्या दुसऱ्या दिवसाचा हा ताप!

हा ताप आपोआप उतरतो. विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल एवढे पुरते. पण दोन दिवसांनंतरही ताप राहिला, तर तो जस्ताचा समजू नये. मलेरिया-डेंग्यूची तपासणी करून घ्यावी.

याच तापाचा एक घातक सोबती आहे, तो कॅडमियमचा. सराफाच्या पाटीवर ‘केडीएम’ ही अक्षरे आपण वाचली असतील, ती याच धातूमुळे. दागिन्याचा डाग देताना कॅडमियम वापरीत. काही मुलामा दिलेल्या नट-बोल्टांवर आणि चांदीच्या डागाच्या काही जुन्या कांड्यांत ते असते. त्याच्या धुराने पहिल्या दिवशी हुबेहूब जस्तासारखाच ताप येतो, पण नंतर बरे वाटण्याऐवजी दम वाढत जातो. फुप्फुसांत पाणी भरून माणूस दगावू शकतो. ताप उतरणीला लागतो आहे की श्वास चढणीला, हे घरच्यांनी पाहायचे असते.

धुरावर उतारा म्हणून दूध पिण्याची किंवा गूळ खाण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. दूध प्यावे, गूळही खावा, अन्न म्हणून दोन्ही चांगले. पण दूध जाते पोटात आणि धूर जातो फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही.

आता नॉब फिरवून स्टेनलेस स्टीलकडे येऊ. इथे ताप येत नाही, आणि म्हणूनच मला या धातूची जास्त काळजी वाटते. नेहमीच्या वापरातील स्टेनलेसमध्ये शंभरात सुमारे १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असते. आर्कच्या उष्णतेत क्रोमियमचा काही भाग ‘षट्संयुजी क्रोमियम’ या विषारी रूपात धुरात उतरतो. त्याने नाकाचा पडदा झिजतो, दमा उद्भवतो आणि वर्षानुवर्षे छातीत गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. आजचा धूर आणि त्याचा परिणाम यांत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असू शकते. तोवर कारागीर दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळा झालेला असतो.

येथे मात्र या मशीनचा एक चांगला गुण सांगायला हवा. तेच स्टेनलेस रॉडने जोडले तर धूर पुष्कळ आणि त्यात विषारी क्रोमियमही जास्त, कारण रॉडवरच्या लेपातील क्षार त्याला मदत करतात. आर्गॉनवर जोडले तर धूर फारच कमी. पण गॅसची टाकी संपली, भरून आणायला तालुक्याला कोण जाणार, म्हणून नॉब रॉडकडे फिरवला जातो. काम होते, पण छातीत जाणारा माल बदलतो. तीच गोष्ट बिनगॅसच्या तारेची. ‘गॅसलेस’ म्हणून ती सोयीची आणि लोकप्रिय असली, तरी तिचा धूर भरपूर निघतो. गॅस नाही म्हणजे धूर नाही, असा अर्थ कृपया काढू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये वेल्डिंगच्या धुरामुळे कर्करोगाची ‘शक्यता असू शकते’ इतकेच म्हटले होते. २०१७ मध्ये तिने हा धूर, मग तो साध्या लोखंडाचा का असेना, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पक्क्या यादीत घातला. त्यानंतर ब्रिटनच्या कामगार सुरक्षा खात्याने २०१९ मध्ये साध्या लोखंडाच्या वेल्डिंगचेही नियम कडक केले. तंबाखूही याच यादीत आहे. यादी एक म्हणून धोका सारखाच असे नव्हे. पण जो वेल्डिंगही करतो आणि विडीही ओढतो, त्याने दोन्हीकडून आग लावून घेतली आहे.

आर्गॉनचा धूर कमी म्हणून कारागीर निर्धास्त होतात. पण धूर कमी म्हणजे ठिणगीसमोर पडदा नाही आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण अधिक मोकळे सुटतात. अ‍ॅल्युमिनियमवर तर ते आरशासारखे परततात. (टिगवर अ‍ॅल्युमिनियम करायला ए.सी. असलेले महाग मशीन लागते, त्यामुळे आपल्याकडे हे काम मोजक्याच दुकानांत चालते.) या किरणांनी हवेत ओझोन वायू तयार होतो, घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, डोके धरते. आणि डोळ्यांचे तर विचारूच नका.

‘आर्क लागली’ म्हणून रात्री दोन वाजता दार ठोठावणारे रुग्ण प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहेत. किरणांनी बुबुळाच्या काचेवरील नाजूक थर भाजतो, पण दुखणे सहा ते बारा तासांनी सुरू होते. डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. कोणी बटाट्याचे काप ठेवतो, कोणी गुलाबपाणी, तर कोणी कांद्याचा रस. कांद्याचा रस तरी डोळ्यात घालू नका हो! थंड पाण्याची मिटल्या डोळ्यांवर पट्टी, अंधारी खोली, दुखणे थांबविणारी गोळी आणि डॉक्टरांनी दिलेले मलम पुरे. एक-दोन दिवसांत थर भरून येतो. सर्वांत धोक्याचे म्हणजे डोळा बधिर करणारे थेंब. एका क्षणात आराम पडतो म्हणून ते दुकानातून आणून पुन्हा पुन्हा घालतात. त्याने जखम भरत नाही आणि बुबुळावर कायमचे फूल पडू शकते. एकाच डोळ्यात खुपत असेल तर आर्क नसून ग्राइंडरचा कण असण्याचा संभव अधिक. तो दाखवूनच घ्यावा.

आर्क फक्त वेल्डरलाच लागते असे नाही. होल्डरला मदत करणारा पोऱ्या, टाका मारताना पाइप धरून मान वळविणारा मालक आणि शाळेतून येताना ठिणग्या बघत उभी राहणारी मुले, या सर्वांचे डोळे उघडे असतात. दुकानापुढे जाड पडदा लावला तर रस्त्यावरचा प्रश्न सुटतो. वेल्डरला स्वतःला दहा ते तेरा नंबरची काळी काच लागते. उन्हाचा गॉगल घालून काम करणारे आजही दिसतात.

एक गोष्ट साखर कारखान्यांच्या आणि दूध डेअरीच्या परिसरात काम करणाऱ्यांसाठी. दुधाचा टँकर किंवा स्टीलची टाकी आत उतरून आर्गॉनने जोडावी लागते. आर्गॉन हवेपेक्षा जड, कार्बन डायऑक्साइडही जड. दोन्ही तळाशी साचतात आणि हवेला वर ढकलतात. आर्गॉनला वास नाही, रंग नाही. आतला माणूस खोकतसुद्धा नाही, सरळ कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. टाकीत शुद्ध हवा पंप करीत राहावी, बाहेर एक माणूस दोरी धरून सतत बसलेला असावा, जेवायला जाताना गॅसची नळी टाकीबाहेर काढावी. आणि कोणी पडलाच तर नुसता श्वास रोखून आत उडी मारू नये.

वेल्डरांशी बोलताना पंख्यावरून नेहमी वाद होतो. मी म्हणतो पंखा लावा, ते म्हणतात, “डॉक्टर, पंखा लावला तर गॅस उडून जातो आणि जोडाला भोके पडतात.” त्यांचे म्हणणे बरोबर आहे. रॉडच्या कामाला वारा चालतो, पण सीओटू आणि आर्गॉनला चालत नाही. अशा वेळी हवा फेकणारा पंखा न लावता, धूर ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट जोडाच्या बाजूला, थोड्या अंतरावर ठेवावा. दुकानाची मागची खिडकी उघडी असावी. आणि मान धुराच्या लोटाबाहेर ठेवून बसावे, ज्याला पैसाही लागत नाही. जी.आय.चा मुलामा जोडाच्या दोन्ही बाजूंनी इंच-दोन इंच आधी घासून काढावा, आणि घासतानाही मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल धुराचे कण अडवीत नाही. ते मायक्रॉनहूनही बारीक असतात. करोनाच्या काळात घराघरांत आलेला एन-९५ मास्क घट्ट बसला तर कण अडवितो, ओझोनसारखा वायू मात्र अडवीत नाही.

आर्गॉनच्या टंगस्टन कांडीचे टोक लाल रंगाचे असेल तर तिच्यात थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो. तिला धार लावतानाची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. शक्यतो बिनथोरियमची कांडीच मागावी. तेलकट भाग ट्रायक्लोरोसारख्या द्रवाने पुसला असेल, तर तो पूर्ण सुकून वास जाईपर्यंत आर्क लावू नये. त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू बनतो आणि त्याची लक्षणे काही तासांनी दिसतात.

वेल्डरांना न्यूमोनिया इतरांपेक्षा अधिक होतो. ब्रिटनमध्ये धातूच्या धुरात काम करणाऱ्यांना न्यूमोकोकसची लस देण्याचा विचार केला जातो. आपल्याकडेही ती पैसे देऊन मिळते, डॉक्टरांशी बोलून घ्यावी. काम झाल्यावर दम वाढू लागला, ओठ निळसर दिसले किंवा खोकल्यात फेस आला, तर सकाळची वाट न पाहता ऑक्सिजनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. जाताना रॉडचा रिकामा पुडा किंवा तारेच्या रिळावरची चिठ्ठी खिशात टाकावी. ६०१३ म्हणजे साधे लोखंड, ३०८ म्हणजे स्टेनलेस, हे वेल्डरला तोंडपाठ असते; पण दम लागलेल्या माणसाला ते सांगता येत नाही आणि बरोबर आलेल्या बायकोला ते माहीत नसते.