दुचाकी शिकवतो कोण?

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या एका मुलाच्या हातातल्या भरधाव पोर्शनं दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळानं मुलाला जामीन दिला. अटींमध्ये एक अट होती : रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा. त्या निबंधावरून देशभर संताप उसळला, विनोदही खूप झाले. पण रस्ता सुरक्षा हा निबंधाचा विषय आहे, ही समजूत काही त्या मंडळाची एकट्याची नव्हती. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की आपल्या शाळा दुसरं काय करतात? निबंध, चित्रकला, घोषवाक्यं, प्रमाणपत्रं. झेब्रा क्रॉसिंगचं सुबक चित्र काढून बक्षीस मिळवणारी मुलगी शाळा सुटल्यावर ज्या रस्त्यानं घरी जाते, तिथले पट्टे कधीच पुसून गेलेले असतात.

पोर्शचं प्रकरण गाजलं, ते गाजायलाच हवं होतं. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांचा प्रश्न मात्र पोर्शचा नाही, स्कूटीचा आहे. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातले 44.5 टक्के दुचाकीवरचे होते. अठराच्या आतली साडेनऊ हजार होती. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी पंधरा हजारांवर मृत्यू झाले. आणि ज्या वाहनावर सगळ्यात जास्त माणसं मरतात, ते वाहन चालवायला आपल्याकडे रीतसर कोणी शिकवत नाही. कार शिकायला ड्रायव्हिंग स्कूल असतं, इन्स्ट्रक्टरच्या पायाखाली जादा ब्रेक असतो, फी असते, ठरलेले दिवस असतात. ट्रकसारखं मालवाहू वाहन चालवायचं तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. दुचाकी मात्र दादा शिकवतो, मामा शिकवतो, नाहीतर शेजारचा मित्र शिकवतो. रविवारी सकाळी, मोकळ्या मैदानात. दोन चकरा मारून पडला नाही, म्हणजे पोरगा शिकला.

त्या मैदानावर शिकवलं काय जातं, ते जरा जवळून पाहा. क्लच हळू सोड, रेस एकदम देऊ नको, आणि हमखास तिसरं वाक्य : 'पुढचा ब्रेक दाबू नको, उलटा पडशील.' पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा सल्ला नेमका चुकीचा आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे गाडी थांबवण्याची निम्म्याहून जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. पुढचा ब्रेक खडीवर किंवा वळणात कचकन दाबला तर पडायला होतं, हे खरं. पण म्हणून तो कधीच न दाबण्याची सवय लागलेला मुलगा समोर अचानक रिक्षा आली की फक्त मागचा दाबतो. चाक जाम होतं, गाडी घसरत जाते, थांबत नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, चढत्या दाबानं कसे लावायचे, हे त्याला कोणी करून दाखवलेलंच नसतं. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारा एबीएस सक्तीचा झाला. म्हणजे आता मागचा दाबला तरी लहान गाडीत पुढचाही थोडा लागतो. माणसाला शिकवणं जमलं नाही, तेव्हा सरकारनं गाडीला शिकवलं.

वेगाचंही तसंच. ताशी चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. धोका दिसल्यापासून बोटं ब्रेकवर येईपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच साधारण तीन मोटारींच्या लांबीएवढा रस्ता गेलेला असतो. हे गणित नववीच्या भौतिकशास्त्रातलं आहे. पुस्तकात ते रेल्वेगाडी आणि चेंडूंवर घालतात.

आता परवाना. शिकाऊ परवान्यासाठी संगणकावर पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की झालं. 2021 पासून ही परीक्षा महाराष्ट्रात आधारच्या आधारावर घरबसल्याही देता येते. सोय म्हणून चांगलीच, फक्त शेजारी बसून उत्तरं सांगणारा कोणी नसेल, अशी आशा धरायची. पक्क्या परवान्याला आरटीओच्या ट्रॅकवर 'आठ' काढायचा. ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे : कोणाची तरी मागून आणलेली गाडी, पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं दोन वेटोळी, पाय जमिनीला टेकला नाही की पास. यात तोल कळतो. ब्रेक कळत नाही, वळताना मागं पाहण्याची सवय कळत नाही, ट्रकच्या डाव्या अंगाला चालकाला न दिसणारी जागा असते आणि तिथून घुसायचं नसतं, हे तर नाहीच नाही. आरटीओ परीक्षा घेतं, शिकवत नाही. ते त्याचं कामही नाही.

मग काम कोणाचं? शाळेचं, असं आपण पटकन म्हणतो. सर्वोच्च न्यायालयानंही 2017 मध्ये राज्यांना रस्ता सुरक्षा अभ्यासक्रमात आणायला सांगितलं. पण इथं एक अडचणीची गोष्ट आहे. परदेशांत शाळांमधून वाहन शिकवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांचा आढावा 2001 मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी घेतला. अशा शिकवणीमुळे किशोरांचे अपघात कमी होतात, असा पुरावा त्यांना सापडला नाही. उलट मुलं लवकर परवाना काढतात, म्हणजे लवकर रस्त्यावर येतात, असं दिसलं. शाळेत आणखी एक तास घालून प्रश्न सुटेल असं मानणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

उपयोग होतो तो वेगळ्या गोष्टीचा. न्यूझीलंडनं 1987 मध्ये टप्प्याटप्प्यानं परवाना देण्याची पद्धत आणली. आधी सोबत कोणी असतानाच चालवायचं, मग एकट्यानं, पण रात्री नाही आणि मित्रांना बसवून नाही, मग पूर्ण मोकळीक. तरुणांचे अपघात रात्री आणि मित्र सोबत असताना वाढतात, हे ध्यानात घेऊन केलेली ही रचना पुढं बऱ्याच देशांनी उचलली. आपल्याकडे अठरा पूर्ण झालेला मुलगा परवाना हातात पडला त्याच रात्री बारा वाजता मागं मित्राला बसवून घाट चढू शकतो. सगळं कायद्यात बसतं.

कायद्यानं सोळाव्या वर्षाची पायरी ठेवली आहे, पण ती पायरी हवेत आहे. सोळा पूर्ण झाल्यावर पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. तशी पेट्रोलची गाडी आता शोरूममध्ये जवळपास मिळतच नाही. कॉलेजच्या दारात दिसतात त्या स्कूटर 110 आणि 125 सीसीच्या. ताशी पंचवीसच्या आतल्या, अडीचशे वॉटपेक्षा कमी ताकदीच्या बॅटरीवरच्या गाडीला परवानाच लागत नाही, म्हणून ती आठवीतल्या मुलाच्या हातात जाते. तिथंही शिकवणारा कोणी नाही.

पालकांना झोडपणं सोपं आहे. पण दहावीपर्यंत चालत किंवा व्हॅननं जाणारा मुलगा अकरावीला सकाळी सहाच्या क्लासला आठ-दहा किलोमीटर जाणार कसा? शहर बस वेळेवर नाही, असली तर भरलेली. तालुक्याच्या गावात पहिली एसटी मुक्कामाची, ती सुटली की संपलं. किल्ली हातात देण्याचा निर्णय बऱ्याच घरांत चैनीचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. बसची वेळ नीट लावणारं परिवहन खातं मुलांच्या सुरक्षिततेसाठी जेवढं करू शकतं, तेवढं कुठलंही घोषवाक्य करू शकत नाही, असं माझं मत आहे.

कायद्यानं मात्र पालकाला बरोबर हेरलं आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 199-अ हे कलम आलं. अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. शिक्षेच्या प्रकरणात पालकाचं नाव आहे, शिकवण्याच्या प्रकरणात ते कुठंच नाही. खरं तर घरात शिकवणी चाललेलीच असते. बाबांच्या स्कूटरवर पुढं उभं राहून शाळेत जाणारं पोर दहा-बारा वर्षं रोज पाहतं : सिग्नल कधी 'चालतो', उलट्या दिशेनं किती अंतर चालतं, हेल्मेट चौकाच्या अलीकडे डोक्यावर आणि पलीकडे कोपरावर कसं जातं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, हे किती पालकांना ठाऊक असेल? ज्या पुण्यात 2019 च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरोधात थोरामोठ्यांनी आंदोलन केलं, तिथं पोरांना काय सांगायचं!

नेदरलँड्समध्ये अकरा-बारा वर्षांची मुलं सायकलची परीक्षा देतात, आणि ती खऱ्या रस्त्यावर असते. ठरलेला मार्ग, वळणावळणावर उभे स्वयंसेवक, मुलानं मागं पाहिलं का, हात दाखवला का, याची नोंद. त्यांचे सायकलमार्ग आपल्याकडे नाहीत, हे मान्य. पण शाळेभोवतीचा अर्ध्या किलोमीटरचा रस्ता तर आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालक, पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी. म्हणजे ज्यांनी हे काम करायचं ते सगळे एका टेबलाशी बसवण्याची सोय आधीच झालेली आहे. ती बहुतेकदा बसच्या फिटनेसपुरती वापरली जाते, वापरली गेलीच तर.

शिकाऊ परवाना आणि पक्का परवाना यांच्यात किमान तीस दिवस जावे लागतात. या काळात दुचाकीवर मागं शिकवणाऱ्याखेरीज कोणाला बसवता येत नाही. म्हणजे शिकवणारा मागं बसणार, हे नियमानं गृहीतच धरलंय. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या शिकाऊ कारचालकाला 120 तासांचा सराव वहीत नोंदवून दाखवावा लागतो : तारीख, वेळ, दिवसा की रात्री, सोबत कोण होतं. आपल्या अर्जात त्या तीस दिवसांसाठी एकही रकाना नाही. बाबांनी मागं बसून पावसात, रात्री आणि हायवेवर एकेक फेरी मारून घेतली का, की गाडी तीस दिवस पार्किंगमध्येच होती, हे आरटीओच्या खिडकीवर कोणी विचारत नाही.