सूर्याचं दप्तर लिहिणारी बाई

मिटिंग संपली की "आज राहू दे, पुढच्या वेळी दोन्ही एकदम लिहू" असं आपण म्हणतो. मग तारीख आठवत नाही, आकडा जुळत नाही. आज मी तुम्हाला सूर्याचं दप्तर लिहिणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं. लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेत १८७४ सालापासून रोज सूर्याचा फोटो काढायचे. सूर्यावर काळे डाग येतात आणि जातात. फोटो काचेवर उमटला की प्रत्येक डाग केवढा, सूर्याच्या मधल्या रेषेपासून किती वर की खाली, हे मोजून तारखेसह लिहायचं. तिथं ढग असले तर दिवस कोरा राहू नये म्हणून आपल्या डेहराडूनचे फोटो घ्यायचे.

१८९१ साली ॲनी रसेल या कामावर लागली. केंब्रिजला गणित शिकलेली. पण बायकांना तिथं परीक्षा देता यायची, पदवी मिळत नव्हती. पगार महिना ४ पौंड. १८९५ साली तिनं तिथलेच अधिकारी वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न केलं. लग्न झालेल्या बाईनं सरकारी नोकरी सोडायची, असा नियम होता. त्यांची राहिली, हिची गेली.

तरी तिनं काम सोडलं नाही. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला ती नवऱ्याबरोबर आपल्या वऱ्हाडात, तळणीला आली. तिच्या कॅमेऱ्यात सूर्याच्या तेजाचा लांबच लांब झोत टिपला गेला.

पुढे दोघांनी १८७४ ते १९०२ पर्यंतच्या नोंदी काढून एकेक डाग कागदावर मांडला. चित्रात फुलपाखरांची रांग उमटली! सुमारे ११ वर्षांच्या फेऱ्यात डाग आधी मधल्या रेषेपासून लांब येतात, मग जवळ सरकतात. एका दिवसाच्या वहीत हे कधीच दिसलं नसतं. १९०४ साली ते छापलं गेलं, पण नाव एकट्या वॉल्टरचं. खगोलशास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेनं १८९२ साली ॲनीला सभासद करून घेतलं नव्हतं; ते झालं १९१६ साली.

बायांनो, आपल्या गटाची वही कोण लिहितं? पुढच्या मिटिंगला वही उघडा. नोंद त्याच दिवशी झाली का, ते बघा. आणि लिहिणारीचं नाव कुठं आहे का, तेही बघा. नसेल तर तिथंच लिहा.