चार स्ट्रोक, चार टॅप आणि एक गोल्ड

कोकणातला म्हटल्यावर पोहता येणारच, असं आपल्या मुंबई-पुण्याच्या मित्रांना ठाम वाटतं. पण खरं सांगा, पोहता येतं म्हणजे नक्की काय येतं? आपल्यातले बरेच जण शिकले ते गावच्या विहिरीत. मे महिन्याची सुट्टी, कमरेला वाळका भोपळा नाहीतर पाठीला रिकामा डबा आणि काठावरून बिनधास्त ढकलून देणारा एखादा काका. चार दिवस नाकातोंडात पाणी, मग हळूहळू डोकं वर ठेवून पलीकडचा काठ गाठता येतो, मुटका मारता येतो. झालं, आलं पोहायला!

स्विमिंगमधली एक शर्यत मात्र आपला हा सगळा कॉन्फिडन्स पाच मिनिटांत उतरवते. तिचं नाव वैयक्तिक मेडले. एकाच शर्यतीत चार प्रकारचं पोहणं आणि तेही ठरलेल्या क्रमाने. आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल. २०० मीटरची शर्यत ५० मीटरच्या तलावात असेल तर प्रत्येक फेरीला स्ट्रोक बदलतो. सगळ्यात दमवणारा बटरफ्लाय पहिलाच, म्हणजे सुरुवातीलाच खांदे भरून येतात. फ्रीस्टाइल भारी असून भागत नाही. कच्चा राहिलेला एक स्ट्रोक बाकीच्या तिघांची मेहनत पाण्यात घालतो. अगदी आपल्या एका विषयातल्या केटीसारखं.

महिलांची ४०० मीटर मेडले ऑलिंपिकमध्ये आली १९६४ साली टोकियोत आणि २०० मीटर १९६८ साली मेक्सिको सिटीत. पॅरिस २०२४ मध्ये या दोन्ही शर्यती कॅनडाच्या समर मॅकिंटॉशने जिंकल्या, तेव्हा ती फक्त १७ वर्षांची होती. तिचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. पण आज ओळख करून द्यायची आहे ती आपल्या महाराष्ट्रातल्या मेडले चॅम्पियनची. ती आहे कांचनमाला पांडे.

दिसत नाही, मग वळायचं कधी?

कांचनमाला नागपूरची. रिझर्व्ह बँकेत नोकरी करते आणि तिला अजिबात दिसत नाही. ती उतरते एस-११ या गटात. पॅरा स्विमिंगमध्ये दृष्टिहीन खेळाडूंचे ११, १२ आणि १३ असे तीन गट असतात आणि त्यातल्या ११ मध्ये ज्यांना जवळपास काहीच दिसत नाही ते खेळाडू येतात. कुणाला किंचित उजेड कळत असेल तर तो फायदा होऊ नये म्हणून या गटात सगळ्यांना काळा केलेला गॉगल घालावाच लागतो. म्हणजे पाण्यात सगळ्यांसाठी सारखाच काळोख.

आता विचार करा. ५० मीटरचा तलाव आहे, तुम्ही पूर्ण वेगात आहात आणि समोरची भिंत दिसत नाही. थोडं आधी थांबलात तर सेकंद गेले आणि उशीर झाला तर डोकं भिंतीवर. डोळस खेळाडूंना बॅकस्ट्रोकमध्ये मागचं दिसत नाही, म्हणून भिंतीच्या ५ मीटर अलीकडे वर पताका लावलेल्या असतात. त्या दिसल्या की हात मोजायचे आणि वळायचं. पण पताकाच दिसत नसतील तर?

त्यासाठी असतो टॅपर. तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ बोंडूक. खेळाडू भिंतीजवळ आला की टॅपर त्या काठीने त्याच्या डोक्याला किंवा पाठीला हलकेच स्पर्श करतो. बस, एवढंच. तो स्पर्श झाला की काय करायचं हे खेळाडूला पाठ असतं.

मेडलेत हे प्रकरण आणखी अवघड, कारण प्रत्येक स्ट्रोकचा वेग आणि लय वेगळी. बटरफ्लायमध्ये शरीर उसळी मारत येतं, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये घसरत येतं. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोक संपवताना दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात, बॅकस्ट्रोक पाठीवर असतानाच संपवावा लागतो. चुकलात तर थेट बाद. २०० मीटरमध्ये असे चार टॅप मिळतात. त्यातला एक जरी क्षणभर इकडेतिकडे झाला, तरी शर्यत हातची जाऊ शकते. नाव ‘वैयक्तिक’ मेडले, पण काठावरच्या दोन माणसांवर विश्वास टाकल्याशिवाय ती पूर्णच होत नाही.

बर्लिनमध्ये काय झालं?

जुलै २०१७. कांचनमाला पॅरा स्विमिंगच्या स्पर्धेसाठी बर्लिनला गेली. तिच्या खर्चासाठीचा सरकारी पैसा तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचलाच नाही. परक्या देशात तिच्यावर लोकांकडे पैसे मागायची वेळ आली. ट्रामचं तिकीट नव्हतं म्हणून दंड झाल्याच्याही बातम्या आल्या. त्या अवस्थेत तिने सिल्व्हर मेडल जिंकलं आणि जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरली.

बातमी फुटल्यावर अभिनव बिंद्राने ट्विटरवरून थेट पंतप्रधानांचं लक्ष वेधलं, क्रीडामंत्र्यांनी दखल घेतली. पैसे नक्की कुणामुळे अडले, यावर मात्र एकमेकांकडे बोट दाखवणं झालं. पाण्यात तिला टॅप करणारी माणसं होती. काठावर आल्यावर जी व्यवस्था असायला हवी होती, तिची काठी मात्र पोहोचलीच नाही.

आणि मग मेक्सिको

जागतिक स्पर्धा ठरली होती मेक्सिको सिटीत, सप्टेंबरअखेर. पण १९ सप्टेंबरला तिथे ७.१ रिश्टरचा भूकंप झाला आणि स्पर्धा २ ते ७ डिसेंबरवर गेली. एका तारखेसाठी शरीर तयार करायचं आणि ती दोन महिने पुढे सरकली की पुन्हा नव्याने सुरुवात. परीक्षा पुढे गेली की आपण खूश होतो. खेळाडूचं उलटं असतं.

त्यात मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचावर. हवा विरळ, दम लवकर लागतो. आणि योगायोग बघा, स्पर्धा झाली ती १९६८ च्या ऑलिंपिकच्याच तलावात, जिथे महिलांची २०० मीटर मेडले ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली होती. त्याच तलावात, त्याच अंतराच्या मेडलेत, एस-११ गटात आपल्या कांचनमालाने गोल्ड जिंकलं. त्या स्पर्धेसाठी भारतातून पात्र ठरलेली ती एकमेव महिला होती.

महाराष्ट्राला हे नवीन नाही खरं तर. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं गोल्ड १९७२ साली सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी स्विमिंगमध्येच मिळवलं होतं. पण ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा २०२४ मध्ये येईपर्यंत आपल्यातल्या किती जणांना ते माहीत होतं? ५२ वर्षं लागली. कांचनमालावर सिनेमा यायची वाट बघत बसायचं का?

तुम्ही टॅपर होऊ शकता

रत्नागिरीत बसून आपण काय करणार, असं वाटेल. तर एक काम अगदी आपल्या कॉलेजातच आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेला लेखनिक लागतो. उत्तर त्यांचं, अभ्यास त्यांचा, आपण फक्त ऐकायचं आणि जसंच्या तसं लिहायचं. सहसा परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या वर्गातला विद्यार्थी लेखनिक म्हणून चालतो. म्हणजे एफवायवाल्यांनो, हे काम तुमचंच. पेपरच्या आदल्या दिवशी लेखनिकाने ऐनवेळी ‘जमणार नाही’ म्हटलं, तर समोरच्याचं वर्ष जातं. म्हणून ‘हो’ म्हटलंत तर जायचंच.

लेखनिक त्याच्या वतीने पेपर सोडवत नाही आणि टॅपर तिच्या वतीने पोहत नाही. दोघांनाही फक्त वेळेवर तिथे उभं राहायचं असतं. सेमिस्टर संपत आलंय. कॉलेजच्या ऑफिसात किंवा एनएसएसच्या सरांकडे जाऊन विचारा, यंदा कुणाला लेखनिक हवाय का, आणि आपलं नाव, नंबर देऊन या.